नेम एकीकडे, बॉल दुसरीकडे : गोल्फविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : झेंड्याकडे नेम धरूनही बॉल भलतीकडे जातो. म्हणून स्टान्स (उभं राहण्याची ढब) आणि अलाइनमेंट (शरीर आणि क्लब लक्ष्याच्या रेषेत लावणं) यांचेच प्रश्न घेतले आहेत. उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

प्रश्न : ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब क्लबचा) बॉल सतत उजवीकडे वळतो, म्हणून मी डावीकडे वळून उभा राहायला लागलो. पण स्लाइस, म्हणजे हे उजवीकडचं वळण, कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. असं का होतं? (पुणे)

बॉल कोणत्या दिशेला निघतो आणि हवेत कुठे वळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निघण्याची दिशा मुख्यतः क्लबफेस, म्हणजे बॉलला लागणारा क्लबचा सपाट भाग, ठरवतो. बॉलला लागताना फेस जिकडे असेल त्याचा वाटा ड्रायव्हरमध्ये साधारण ८५ टक्के, आयर्नमध्ये (लोखंडी डोक्याच्या क्लबमध्ये) साधारण ७५ टक्के. उरलेला वाटा क्लबच्या मार्गाचा, म्हणजे पाथचा. हवेतलं वळण मात्र फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे येतं. फेस पाथच्या उजवीकडे उघडा असेल तर बॉल उजवीकडे वळतो, मग तो निघताना डावीकडे का निघेना. बॉल पाथच्या दिशेने निघतो आणि फेसकडे वळतो, असं पूर्वी शिकवलं जायचं. रडारवर शॉट मोजले जाऊ लागल्यावर ते मागे पडलं, पण जुन्या सवयीचा सल्ला अजून पुष्कळ ठिकाणी मिळतो.

आता तुमचा शॉट आकड्यांत बघा. समजा पाथ लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे आहे आणि फेस २ अंश डावीकडे. बॉल अडीच अंशांच्या आसपास डावीकडे निघेल आणि ४ अंशांच्या फरकामुळे उजवीकडे वळेल. तुम्ही डावीकडे वळून उभे राहिलात की खांदे डावीकडे उघडतात आणि क्लब खांद्यांच्या रेषेने ओढला जातो. पाथ १० अंश डावीकडे गेला. बॉल झेंड्याकडे जावा ही इच्छा मात्र हातांना माहीत असते, त्यामुळे फेस होता तिथेच राहतो. चाराचा फरक आठ अंशांवर गेला. स्लाइस वाढणारच. फेस पाथला उघडा राहिला की लॉफ्टही (फेसचा वरच्या दिशेचा कल) वाढतो, म्हणून बॉल उंच जातो आणि अंतर घटतं. पुढच्या होलवर तुम्ही आणखी डावीकडे वळता आणि चक्र पुढे चालू राहतं.

सुरुवात ग्रिपपासून, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीपासून, करा. स्टान्समधून खाली बघितल्यावर डाव्या मुठीवरचे निदान दोन उंचवटे (बोटांच्या मुळाशी असतात ते) दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर फेस उघडाच यायचा. मग शरीर लक्ष्यरेषेला समांतर आणा आणि सेव्हन आयर्नने (मधल्या लांबीच्या आयर्नने) अर्धा स्विंग करून बॉल मारा. लॉफ्ट जास्त असला की बॉलचं वळण कमी दिसतं, त्यामुळे घाबरून जायला होत नाही. सरावाच्या बॉलच्या पहिल्या काही बादल्या संपेपर्यंत बॉल सरळ उजवीकडे जाईल. त्याने गोंधळून पुन्हा डावीकडे वळू नका. स्टान्स सुधारला आहे, फेस अजून बंद व्हायला शिकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी हातात घ्या.

प्रश्न : शरीर लक्ष्याच्या “समांतर डावीकडे” असावं म्हणतात. म्हणजे नेमकं किती यार्ड डावीकडे? मी दहा यार्ड धरतो. (चेंबूर, मुंबई)

दहा यार्ड फार झाले. रेल्वेचे दोन रूळ डोळ्यांसमोर आणा. उजव्या रुळावर बॉल आणि क्लबफेस, त्याच्या टोकाला झेंडा. डाव्या रुळावर तुमचे पाय. दोन रुळांमधलं अंतर म्हणजे बॉल आणि पायांमधलं अंतर : सेव्हन आयर्नला सुमारे २ फूट, ड्रायव्हरला त्याहून थोडं जास्त. रूळ समांतर असल्यामुळे १५० यार्डांवरही पायांची रेषा झेंड्याच्या २ फूटच डावीकडून जाते. लांबून बघताना ते अंतर दिसतसुद्धा नाही. दहा यार्ड डावीकडे धरणं म्हणजे १५० यार्डांवर जवळजवळ ४ अंश उघडं, म्हणजे डावीकडे वळून, उभं राहणं.

उलट चूक मात्र जास्त खेळाडूंमध्ये दिसते : उजवीकडे वळून उभं राहणं. तिचं कारण डोळ्यांच्या जागेत आहे. आपण कमरेतून वाकतो तेव्हा डोळे खांद्यांच्या रेषेच्या पुढे, बॉलच्या बाजूला येतात. मान वळवून झेंडा बघताना तो डाव्या खांद्याच्या टोकावर बसलेला दिसला की नेम बरोबर आहे असं वाटतं. पण खांदा त्या जागी आणायचा तर तो पुढे ढकलावा लागतो, आणि सगळं शरीर उजवीकडे बंद होतं. नीट उभे असाल तर झेंडा खांद्याच्या बराच पुढे, मोकळ्या जागेत दिसला पाहिजे. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, डावीकडे बघत असल्यासारखं. तसं वाटलं तर तुम्ही बहुधा बरोबर उभे आहात.

उजवीकडे वळलेल्या स्टान्सचा घोटाळा असा की बॉल पुष्कळदा डावीकडे जातो. झेंडा कुठे आहे हे मनाला ठाऊक असतं, म्हणून बॅकस्विंगच्या टोकावरून उजवा खांदा बाहेर फेकला जातो आणि क्लब बाहेरून आत येतो. हातांनी फेस बंद केला तर पुल (बॉल सरळ डावीकडे), उघडा ठेवला तर पुल-स्लाइस (डावीकडे निघून उजवीकडे वळणारा). खेळाडू महिनोन्महिने स्विंग दुरुस्त करत बसतो आणि दोष असतो पायांच्या जागेत. तपासायला सोपं आहे : पाय उजवीकडे दाखवतायत आणि डिव्हॉट (क्लबने गवत उपटून झालेली खाच) डावीकडे, तर आधी अलाइनमेंट बघा.

उभं राहण्याचा क्रम असा ठेवा. बॉलच्या मागे जाऊन झेंड्याकडे बघा आणि त्याच रेषेवर बॉलच्या पुढे २-३ फुटांवर आधीच पडलेली एखादी खूण निवडा : जुना डिव्हॉट, पान, गवताचा वेगळ्या रंगाचा ठिपका. अमेरिकन दिग्गज जॅक निकलस आयुष्यभर असाच नेम धरत आला. दीडशे यार्डांपेक्षा तीन फुटांवर नेम धरणं फारच सोपं. मग आधी क्लबफेस ठेवा. फेसची खालची कड, जमिनीला टेकणारी, त्या रेषेला काटकोनात हवी; वरची कड बघून फेस लावला तर तो बंद बसतो. फेस बसल्यावर दोन्ही पाय जुळवून बॉलसमोर उभे राहा, आधी डावा पाय सरकवा, मग उजवा. पाय आधी रोवून मग फेस वळवणाऱ्यांचा नेम रोज वेगळा असतो.

प्रश्न : रॉड (नेम तपासायची काठी) जमिनीवर ठेवून पाय अगदी सरळ लावतो, तरी बॉल डावीकडेच निघतो. (नाशिक)

बोटांची रेषा पाहत असाल तर आधी टाचांची पाहा. डाव्या पायाचा पंजा थोडा बाहेर वळवलेला असतो, त्यामुळे बोटांची रेषा फसवते.

टाचाही सरळ असतील तर बहुधा खांदे उघडे असणार आणि क्लबबरोबर फेसही डावीकडे येत असणार. पाथवर पायांपेक्षा खांद्यांचा परिणाम जास्त. खांदे उघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बॉल फार पुढे ठेवणं. तिथवर क्लब पोचवायला उजवा खांदा आपोआप पुढे येतो. सेव्हन आयर्नला बॉल स्टान्सच्या मध्यापासून एक-दोन बॉल डावीकडे, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर असावा. उलट बॉल फार मागे गेला तर खांदे बंद होतात आणि बॉल उजवीकडे निघतो. दुसरं कारण ग्रिपचं : उजवा हात खाली असतो, आणि तो आखडला की खांद्याला पुढे ओढतो. उजवं कोपर थोडं वाकवून बरगडीकडे ठेवा. मग कुणाला तरी तुमच्या दोन्ही हातांच्या पुढच्या भागांवर, कोपराच्या खाली, रॉड आडवा धरायला सांगा आणि तो कुठे दाखवतो ते बघा. पायांशी ठेवलेल्या रॉडपेक्षा हा खरं सांगतो.

प्रश्न : स्पर्धेत खेळताना जमिनीवर क्लब ठेवून पाय लावले तर चालतं का?

नाही. गोल्फच्या नियम १०.२ब प्रमाणे पाय किंवा शरीर लावण्यासाठी ठेवलेल्या वस्तूच्या मदतीने स्टान्स घेतलात की दंड लागतो, मग मारण्याआधी मागे सरून ती उचलली तरी. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) २ स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचं असतं तिथे) होल जातं. तुम्ही स्टान्स घ्यायला लागल्यावर कॅडीलाही (क्लब वाहणाऱ्या मदतनिसालाही) नेम सांगण्यासाठी बॉलच्या मागे रेषेत उभं राहता येत नाही. बॉलवर आखलेली रेघ मात्र चालते.

प्रश्न : अमेरिकन दिग्गजांपैकी ली ट्रेव्हिनो उघड्या स्टान्सने खेळायचा, बेन होगन ड्रायव्हरला उजवा पाय मागे घ्यायचा. मग आम्हीच समांतर का उभं राहायचं? (न्यू जर्सी)

कारण त्यांचा स्टान्स त्यांच्या फेस आणि पाथशी पक्का जुळलेला होता. ट्रेव्हिनो शरीर बरंच डावीकडे ठेवायचा, पण क्लब शरीराच्या रेषेच्या उजवीकडून न्यायचा. त्यातून त्याचा फेड, म्हणजे हलकेच उजवीकडे वळणारा फटका, यायचा. होगनचा मागे घेतलेला पाय नितंब वळायला जागा देतो, म्हणून लांब क्लबला उपयोगी. आखूड आयर्नला तो उजवा पाय पुढे घेऊन स्टान्स उघडायचा. त्याने बॅकस्विंग आटोक्यात राहतो आणि डावी बाजू लवकर मोकळी होते. तुम्हालाही ५०-६० यार्डांच्या आतल्या वेजला (जास्त लॉफ्टच्या आखूड क्लबला) पाय थोडे उघडता येतील. खांदे मात्र समांतरच ठेवा.

मुद्दाम फेड मारायचा असेल तर “शरीर डावीकडे, फेस झेंड्याकडे” हा सल्ला सोडून द्या. फेस झेंड्याकडे असेल तर बॉल झेंड्याच्या जवळजवळ रोखानेच निघेल आणि वळून उजवीकडे पडेल. पाय आणि खांदे ४-५ अंश डावीकडे, फेस त्याच्या निम्मा, म्हणजे साधारण २ अंश डावीकडे. असं ठेवलं की बॉल डावीकडून निघून आत वळतो. ड्रॉसाठी (हलकेच डावीकडे वळणाऱ्या फटक्यासाठी) हेच उलट.

प्रश्न : बॉल पायांपेक्षा उंचावर असेल तर नेम कुठे धरायचा?

उजवीकडे. उतारामुळे क्लब आडवा पडतो आणि लॉफ्ट असलेला फेस आपोआप डावीकडे बघायला लागतो. लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून वेजला जास्त उजवीकडे धरा, लांब आयर्नला कमी. ग्रिप थोडी खाली धरा. बॉल पायांच्या खाली असेल तर डावीकडे धरा.

प्रश्न : रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बॉल सरळ जातात, कोर्सवर गेलं की बिघडतं. (ठाणे)

रेंजच्या मॅटची कड सरळ असते आणि पाय नकळत तिला जुळतात. नेम मॅटने धरलेला असतो, तुम्ही नाही. दर पाच-सहा बॉलनंतर मॅटच्या कडेला तिरकं लक्ष्य निवडा, कधी डावीकडचा फलक, कधी उजवीकडचा, आणि प्रत्येक वेळी बॉलच्या मागे जाऊन उभं राहण्याचा वरचा क्रम पहिल्यापासून करा. कोर्सवर टी मार्करही (पहिला फटका कुठून मारायचा ते दाखवणाऱ्या दोन खुणा) असेच फसवतात. त्यांना जोडणारी रेषा फेअरवेला (होलकडे जाणाऱ्या, गवत कापलेल्या पट्ट्याला) काटकोनात असेलच असं नाही. ती झाडीकडे रोखलेली असली तर पायही तिकडे वळतात. टी (बॉल ठेवायची खुंटी) लावण्याआधी मार्करकडे न बघता फेअरवेचा मध्य बघा, आणि दोन मार्करमधल्या जागेत जिथून ती रेषा मोकळी दिसेल तिथे टी लावा.