तेलकट, पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर साध्या रेझरने दाढी कशी करावी?

रेझर दाबू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. दाढी अंघोळीनंतर लगेच करा, तेव्हा केस मऊ पडलेले असतात. पुरळ असेल तिथे ब्रश न घासता फेस बोटांनी लावा. मग केसांच्या दिशेने, रेझरच्या वजनानेच, एक हात. केसांच्या उलट दिशेने, म्हणजे उलटा हात फिरवला की केस फार खोल कापला जातो, तो आत वळतो आणि नवी गाठ येते. माझ्या गळ्यावर, कॉलर घासते नेमकी तिथे, वर्षभर हेच चाललं होतं. उलटा हात सोडला आणि थांबलं. पिकलेल्या फोडावरून पातं नेऊच नका. ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर बदला. शेवटी ओल्या गालावर तुरटी फिरवून धुऊन टाका. खोबरेल तेल मात्र नको, रंध्रं बुजतात.