टोबरमोरीसाठी वेटसूट घेताय? आधी माप, मग मिलिमीटर

तुम्ही लिहिलंय की स्कूबा डायव्हिंगचा कोर्स तारकर्लीला झाला, तिथे तीन मिलिमीटर जाडीच्या, अर्ध्या बाह्यांच्या रबरी सूटमध्येही घामाघूम व्हायला व्हायचं, आता कॅनडात मिसिसागाला आलात आणि जूनमध्ये मित्रांबरोबर ह्यूरॉन सरोवराकाठच्या टोबरमोरीचा बेत आहे. सीमेपलीकडच्या एका वेबसाइटवर पाच मिलिमीटरचा सूट चांगल्या सवलतीत मिळतोय, तर घेऊ का? नका घेऊ. पाच आहे म्हणून नाही, वेबसाइटवर आहे म्हणून. सविस्तर लिहितो, कारण याच रस्त्यावर माझा अख्खा सीझन वाया गेलाय.

आधी एक खुलासा. मी इन्स्ट्रक्टर नाही, डॉक्टर नाही आणि माझं कुठलं दुकानही नाही. बरीच वर्षं ह्यूरॉनच्या पाण्यात कुडकुडणारा माणूस, एवढीच माझी पात्रता. दमा, हृदयाचा त्रास किंवा थंडीत बोटं पांढरीफटक पडण्याची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ह्यूरॉनमध्ये पाण्याचं तापमान किती, याला एकच एक उत्तर नसतं. ऑगस्टमध्ये वर छान अठरा डिग्री असेल, पोहणारी पोरं खिदळत असतील. पण खाली जाताना एका पातळीला नजरेसमोरचं पाणी थरथरल्यासारखं दिसतं, आणि त्याच्या पलीकडे सहा-सात डिग्री. हाच थर्मोक्लाइन. गोडं पाणी चार डिग्रीला सर्वांत जड असतं, म्हणून असल्या खोल सरोवराच्या तळाशी बारा महिने चारच्या आसपासचंच पाणी बसलेलं असतं. वर ऊन कितीही पडो, त्याला पत्ता नसतो. शिवाय वारा किनाऱ्याकडून आत वाहू लागला की वरचा कोमट थर आत ढकलला जातो आणि तळचं गार पाणी वर येतं. काल ज्या धक्क्यावर मजेत डुंबलात तिथेच आज पाय घालवत नाही. जूनमध्ये तर वरचं पाणीही अजून तापलेलं नसतं. तेव्हा सूट महिना बघून घ्यायचा नाही, तुम्ही किती खोल जाणार ते बघून घ्यायचा.

आता मिलिमीटर. निओप्रिन म्हणजे बारीक बारीक वायूचे बुडबुडे कोंडलेलं रबर. ऊब धरतात ते बुडबुडे. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि त्या बुडबुड्यांचं आकारमान जवळपास अर्ध्यावर येतं, तीस मीटरवर चतुर्थांशावर. म्हणजे सात मिलिमीटर हा दुकानातल्या हँगरवरचा आकडा आहे. जिथे तुम्हाला ऊब खरी हवी असते, तिथे तो सूट बराच पातळ झालेला असतो. जुना सूट घेणार असाल तर गुडघ्याजवळ आणि पाठीवर चिमटीत दाबून पाहा. दाबलेला भाग पटकन फुगून वर आला नाही तर त्या रबरात जीव राहिलेला नाही, फुकट दिला तरी नको.

आणि या सगळ्याच्या वर माप. वेटसूट तुम्हाला कोरडं ठेवत नाही. आत शिरलेलं पाणी अंगाच्या उबेनं तापतं, आणि ते तिथेच अडकून राहिलं तरच रबराचा उपयोग. ते पाणी जागेवर राहिलं नाही तर सात काय नि दहा काय. कमरेच्या खोलगट जागी पोकळी राहिली असेल तर प्रत्येक किकला तिथे पंप चालतो: गरम पाणी बाहेर, बर्फासारखं आत. नवशिक्यांना वाटतं थंडी पाण्यामुळे वाजतेय. ती त्या पोकळीमुळे वाजत असते.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं, पण पाण्यात नाही, घराच्या हॉलमध्येच. मीही असाच वेबसाइटवरून सूट मागवला होता. तिच्या तक्त्याला फक्त उंची आणि वजन पाहिजे होतं. आता आपली अंगकाठी बघा: उंची बेताची, छाती ठीक, पोट पुढे, पाय आखूड. असल्या देहाला उंची-वजनाचं गणित जो साईझ देतं तो पोटावर आवळतो, पाठीत झोळी सोडतो आणि बाह्या तळहातावर आणतो. मी तो सूट ओला न करता, लेबलही न काढता परत केला आणि त्यांच्याच यादीतला ‘लार्ज शॉर्ट’ मागितला. त्यांनी काय पाठवलं? तोच साईझ, नव्या पिशवीत. पुन्हा परत. दोन्ही वेळा कुरिअरवाल्यानं दारात तेरा टक्के कर आणि वर कस्टम्सचं काम केल्याची स्वतःची फी घेतली. तो कर परत मागायला गेलो तर कुरिअर म्हणे दुकानाला विचारा, दुकान म्हणे तुमच्या सरकारला विचारा, आणि सरकारी अर्जाला पाहिजे माल देशाबाहेर परत गेल्याचं दुकानाचं पत्र. दुकानातला इसम दर मेलला नव्या नावानं सही करून ‘आपली गैरसोय समजते’ असं कळवायचा. पत्र कधीच दिलं नाही. असं पत्र देणं आमच्या धोरणात बसत नाही, म्हणे! सूटचे पैसे शेवटी मिळाले, कर आणि फी गेली ती गेलीच. तोवर ऑक्टोबर उजाडला होता आणि टोबरमोरीच्या बोटी बंद व्हायला आल्या होत्या. त्या दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं तर लोक ते एक दुकान टाळतील आणि तसल्याच दुसऱ्याकडून मागवतील.

तेव्हा जीटीएतल्या, म्हणजे टोरांटो आणि आसपासच्या, एखाद्या खऱ्या डाइव्ह शॉपमध्ये जा आणि अर्धा तास लाज सोडून सूट घालून वावरा. उकिडवे बसा. दोन्ही हात डोक्यावर न्या. हनुवटी छातीला लावा. बरोबर आलेल्या माणसाला कमरेच्या खोलगट भागात आणि काखेत सूट चिमटीत धरून ओढायला सांगा. सहज हातात आला तर तो साईझ तुमचा नाही. जांघेत तो लोंबता कामा नये. गळ्याशी मात्र ‘जितका घट्ट तितका चांगला’ हा नियम चालत नाही. मानेच्या शिरांवर दाब येऊन चक्कर येऊ शकते. विक्रेता ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तर त्याला हसून नमस्कार करा. ‘थोडा सैल बरा, आरामात वाटतो’ म्हणाला तर हसूही नका. (पायात प्लास्टिकची पिशवी घालून मग पाय सरकवा, निम्मी झटापट वाचते. आणि नखं कापून जा.)

शिवणही उलटून पाहा. धागा आत-बाहेर दोन्हीकडून दिसत असेल तर सुई रबराच्या आरपार गेलेली आहे, तिथून पाणी झिरपणार. अशी शिवण तारकर्लीला, अंदमानला ठीक. इथे चिकटवून वरवर शिवलेली पाहिजे, म्हणजे सुई पलीकडे निघालेली नसते. मनगट-घोट्याला आतून गुळगुळीत पट्टी असेल तर उत्तम. सर्फिंगचा किंवा ट्रायथलॉनचा सूट स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका. तो पाण्याच्या पृष्ठभागावरच वापरण्यासाठी केलेला असतो, त्याचं मऊ रबर दाबाखाली लगेच चपटं होतं.

माझं मत विचाराल तर सात मिलिमीटरचा पूर्ण सूट, किंवा दोन भागांचा फार्मर जॉन, ज्यात छाती-पोटावर दोन थर येतात. भाड्यानं बहुधा हाच मिळतो आणि पहिल्या वर्षी भाड्यानंच घ्यावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे अंगावर घालून बघता येतात, हा त्यातला खरा फायदा. पाचचा सूट ऑगस्टमध्ये उथळ पाण्यात चालेलही, काहींना चालतो. मला नाही चालत. आणि नियमितपणे थर्मोक्लाइनच्या खाली जायचं असेल तर वेटसूटवर पैसे घालूच नका, साठवा आणि अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट घ्या, त्याचं वेगळं प्रशिक्षण घेऊन. इथले जुने डायव्हर वेटसूटमध्ये खोल उतरल्याच्या बढाया मारतात, तिकडे दुर्लक्ष करा.

हूडशिवाय उतरायचं नाही, यावर वाद नको. हातमोजे पाच मिलिमीटरचे, आणि घालून क्लिप उघडता येतात का ते दुकानातच बघा. बुडालेल्या जहाजांवर झेब्रा शिंपले चिकटलेले असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, म्हणून तळव्याला मजबूत कापड हवं. आणि हो, सूटमध्ये लघवी केल्यावर मिनिटभर स्वर्गसुख लाभतं, पुढच्या किकला ते वाहून जातं. भाड्याचा सूट असेल तर कृपा करा.

वजनाचं, म्हणजे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायच्या शिशाचं, गणित नव्यानं करावं लागेल. गोडं पाणी समुद्रापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणजे सगळं साहित्य धरून तुम्ही शंभर किलो भरत असाल तर अडीच किलो शिसं कमी. पण जाड सूट तुम्हाला वर ढकलतो, म्हणून एकूण शिसं तारकर्लीपेक्षा बरंच वाढणार. खाली गेल्यावर तोच सूट दबतो आणि तुम्ही एकदम जड होता. तारकर्लीचा आकडा डोक्यातून काढून टाका आणि पहिल्या दिवशी उथळ पाण्यात तपासून मगच पुढे जा.

विचारलं नाहीत तरी सांगतो: रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) थंड पाण्याचा आहे ना, ते भाड्यानं देणाऱ्याला विचारा. दहा डिग्रीखाली साधा रेग्युलेटर गोठून हवा धो-धो सोडू शकतो. बोटीवर गार हवेत उगाच त्यातून श्वास घेत बसू नका, आणि खाली श्वास ओढत असताना त्याच वेळी बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटात, हवा भरू नका.

जूनचं बुकिंग झालंच असेल आणि बदलता येत नसेल तर पहिला डाइव्ह बिग टब हार्बरमधल्या स्वीपस्टेक्सवर ठेवा. १८६७ सालची दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट, १८८५ मध्ये बुडाली, आणि इतक्या उथळ पाण्यात आहे की गारठलात तर लगेच वर येता येतं. तिथे पर्यटकांच्या बोटी येतात, त्यामुळे डायव्हर्सच्या वेळा कोणत्या ते पार्क्स कॅनडाच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) केंद्रात नोंदणी करतानाच विचारा. फॅदम फाइव्ह या इथल्या संरक्षित जलउद्यानात डाइव्ह करायला नोंदणी लागतेच. नायगारा टू हे १९९९ साली मुद्दाम बुडवलेलं जहाज बघायला चल, असा मित्र आग्रह करतील, पण त्याचा तळ तीस मीटरच्या आसपास आहे. पहिल्या जूनमध्ये, भाड्याच्या वेटसूटमध्ये, मी तरी नाही म्हणेन. बरोबर थर्मासभर नुसतं गरम पाणी न्या, चहाचा वेगळा. दुसऱ्या डाइव्हआधी ते हातमोज्यांत आणि गळ्यातून सूटमध्ये ओतायचं, हाताला सोसेल इतपतच गरम. मधल्या वेळात ओल्या सूटवर वारा लागू देऊ नका, वरून रेनकोट चढवा.

छाती, कंबर, उंची आणि पायाची आतली लांबी मोजून इथे टाका. माझ्यासारखीच अंगकाठी असेल तर कुठल्या कंपनीचा शॉर्ट साईझ खरोखर शॉर्ट निघतो ते सांगतो.