बाप्तिस्मा घेतल्यावरही सुटका का झाली नाही

तुम्ही विचारलंय, की युरोपातल्या ज्यूंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर त्यांचा छळ टळला असता का. आणि शेवटी हेही विचारलंय, की मग कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, मिशनऱ्यांच्या शाळेत शिकूनही ख्रिस्ती का झाले नाहीत. माझं बालपण अलिबागजवळ गेलं, शेजारी बेने इस्राएल कुटुंबं होती. त्यामुळे दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे, पण त्याचं उत्तर पहिल्यावाचून कळणार नाही.

‘असता तर’ म्हणायची गरजच नाही. स्पेन आणि पोर्तुगालमधल्या हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला होता. छळ थांबला नाही, उलट त्यातून नवा छळ सुरू झाला.

येशू ज्यू, त्याचे पहिले शिष्यही ज्यू. सुरुवातीचा वाद घरातलाच होता. पुढे रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं आणि एका बाजूच्या हातात सत्ता आली. तरीही ज्यूंना जबरदस्तीने बाटवू नये, हीच चर्चची अधिकृत भूमिका होती. ११२० च्या सुमारास पोप कॅलिक्स्टस दुसरा यांनी तसा हुकूमही काढला. पण त्याच्या कितीतरी आधी, ६३३ मध्ये, तोलेदोच्या धर्मपरिषदेने एक नियम घालून दिला होता: सक्तीने बाप्तिस्मा देणं चूक आहे, पण एकदा दिला गेला की तो परत घेता येत नाही, त्या माणसाने ख्रिस्तीच राहिलं पाहिजे. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट या नियमावर उभी आहे.

१३९१ मध्ये सेव्हिलच्या एका धर्माधिकाऱ्याच्या भडकाऊ प्रवचनांनंतर दंगल पेटली आणि कोर्दोबा, तोलेदो, वालेन्सिया, बार्सिलोनापर्यंत पसरली. मरण किंवा बाप्तिस्मा एवढाच पर्याय उरलेल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला. काहींनी मनापासूनही घेतला. सॉलोमन हा-लेवी हा बुर्गोस शहरातला राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्याच सुमारास पाब्लो दे सांता मारिया झाला आणि पुढे त्याच बुर्गोसचा बिशप झाला. त्याच्या मागून त्याचा मुलगाही. पण हे नवे ख्रिस्ती राजदरबारात, व्यापारात, चर्चमध्ये वर चढू लागले तसं जुन्यांना ते खुपायला लागलं. १४४९ मध्ये तोलेदो शहराने ठराव केला, की ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसाला सरकारी पद मिळणार नाही. पोप निकोलस पाचवे यांनी त्याचा निषेध केला, बुर्गोसच्या त्या बिशपपुत्राने त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. तरी ‘रक्ताची शुद्धता’ हा शब्द रुळला तो रुळलाच. आपण भारतीयांना वेगळं समजावून सांगायला नको. धर्म बदलता येतो, पण समोरचा कूळच विचारत असेल तर माणसाने काय करायचं?

मग १४८० पासून स्पेनमध्ये इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या धार्मिक न्यायासनाचं, काम सुरू झालं. बरेच जण इथे गल्लत करतात. या न्यायासनाचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. उघडपणे ज्यू म्हणून जगणारा त्याच्या कक्षेबाहेर होता, आणि बाटलेला ज्यू मात्र ‘पाखंडी ख्रिस्ती’ म्हणून पूर्ण तावडीत होता. बाप्तिस्म्याने तो सुटला नाही, या कोर्टाच्या हद्दीत आला. शेजाऱ्यांनी कशावर नजर ठेवायची याच्या याद्या जाहीर वाचल्या जात: शुक्रवारी संध्याकाळी घरात स्वच्छ चादरी, धुतलेला सदरा, लावलेले दिवे, डुकराचं मांस टाळणं, शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, कामाला हात न लावणं.

१४९२ मध्ये उरलेल्या ज्यूंना स्पेनमधून हाकललं. पुष्कळ जण पोर्तुगालला गेले आणि १४९७ मध्ये तिथे राजा मानुएलने सगळ्यांना सक्तीने बाटवलं. आधी मुलं आईबापांपासून तोडून बाप्तिस्म्याला नेली. याच निर्वासितांच्या घरात गार्सिया द ओर्ता जन्मला. सालामांकाला वैद्यक शिकला, १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य झाला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात आपला आंबा, फणस, हिंग, अफू, सगळं आहे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं होतं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, म्हणून जिवंतपणी वाचला. त्याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये गोव्यात जाळलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून तीही जाळली, कारण तो गुपचूप ज्यू राहिला असं ठरलं. आपल्या मातीतल्या औषधी वनस्पतींवर इतक्या प्रेमाने लिहिणाऱ्या माणसाचं हे झालं, हे मला अजून पचत नाही.

आता कोकण. बेने इस्राएलांना गावात शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. सेव्हिलमध्ये ज्या खुणेवरून माणूस पकडला जायचा, तीच खूण रायगडच्या गावांत एका जातीचं साधं नाव होऊन बसली. कुणी त्यांना त्याबद्दल जाब विचारला नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत अमेरिकन मिशन आणि पुढे स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. तेव्हा बेने इस्राएलांना हिब्रू, म्हणजे ज्यूंची धर्मभाषा, येत नव्हती. विल्सननी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, शाळा चालवल्या. बायबलचा जुना करार, जो ज्यूंचाही धर्मग्रंथ आहे, मराठीत आला. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, यात शंका नाही. पण हातात तलवार नव्हती, कोर्ट नव्हतं, मुलं हिरावली जात नव्हती. बेने इस्राएलांनी अब्राहाम, योसेफ, मोशे मराठीत वाचले आणि ते स्वतःच्या धर्मात आणखी पक्के झाले. बोटांवर मोजण्याइतके ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी पुढे त्याच कथांवर मराठीत कीर्तनं रचली. त्यांच्या पहिल्या इतिहासकाराने, हाइम सॅम्युएल केहीमकरांनीही, मिशनऱ्यांचे आभार मानलेत आणि मला ते मनापासूनचे वाटतात.

पोर्तुगालचं शेवटचं सांगते. १९१७ मध्ये सॅम्युएल श्वार्झ नावाचा पोलंडचा ज्यू खाण-इंजिनिअर बेल्मोंत गावात गेला. तिथली ख्रिस्ती कुटुंबं चारशे वर्षं लपून ज्यू प्रार्थना म्हणत होती, पण तो आपला आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. त्याने ‘शमा इस्राएल’ ही ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हटली. तिच्यातला ‘अदोनाय’ (प्रभू) हा शब्द कानावर पडताच एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरले. हिब्रूतला तेवढाच एक शब्द त्यांच्याकडे उरला होता.

आपल्याकडच्या बेने इस्राएलांची परंपराही सांगते, की दावीद राहबी नावाचा बाहेरचा ज्यू कोकणात आला तेव्हा त्यांना फक्त ‘शमा’ पाठ होतं. ते ज्यूच आहेत याची खात्री करायला त्याने बायकांना मासळी शिजवायला दिली. खवले आणि पर नसलेले मासे, जे ज्यू धर्मात वर्ज्य आहेत, त्यांनी निवडून बाजूला काढले. ते आम्ही खात नाही, म्हणाल्या.