वाचक विचारतात

प्रश्न : फॉर्म्युला वनचा चालक इतर शर्यतींतही जिंकू शकतो का? की प्रत्येक प्रकार वेगळाच?

उत्तर : वेगळा तर आहेच. पण माझा आवडता अपवाद सांगतो, अमेरिकेचा डॅन गर्नी. १९६७चा जून बघा. ११ तारखेला त्याने ए. जे. फॉइट या जोडीदार चालकाबरोबर फोर्डमधून फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. (गडी एवढा उंच, की हेल्मेट मावावं म्हणून गाडीच्या छताला फुगवटा काढावा लागला!) व्यासपीठावर त्याने शॅम्पेन पिण्याऐवजी सगळ्यांवर उडवली, ती प्रथा तिथूनच रुजली. बरोबर एका आठवड्याने बेल्जियममध्ये स्पाची ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, तीही स्वतःच्या संघाने बांधलेल्या ‘ईगल’ गाडीत. मला विचाराल तर हा विजय मोठा. दुसऱ्याची गाडी पळवणं निराळं, आपली बांधून जिंकणं निराळं.

शिवाय कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला नॅसकारची (अमेरिकेतल्या स्टॉक-कार शर्यतींची मालिका) ५०० मैलांची शर्यत त्याने पाचदा मारली. अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० ही मोठी शर्यत मात्र हुकलीच. १९६८ आणि १९६९, दोन्ही वेळा दुसरा.