बंद पडलेले स्टार्टअप फ्रीलान्सरने आपल्या कामांमध्ये दाखवावेत का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नऊ वर्षं फ्रीलान्स वेब कन्सल्टंट म्हणून काम करताय, मधल्या काळात दोन स्टार्टअप काढले (एक मेसच्या डब्यांचं ॲप, एक क्लासवाल्यांसाठी), दोन्ही बंद पडले. आता स्वतःची वेबसाइट नव्याने करताय आणि एक मित्र म्हणतो, ते दोन्ही गाळ, गिऱ्हाईक बिचकेल. शिवाय जुनी कामं किती लावावीत, आणि ती लावायला गिऱ्हाइकाची परवानगी लागते का.

दोन्ही स्टार्टअप दाखवा, आणि यादीत सगळ्यात वर दाखवा. मित्राचा सल्ला चुकीचा आहे. हाच सल्ला मला माझ्या भागीदाराने दिला होता आणि मी तो चार वर्षं पाळला. त्या चार वर्षांत मला जी कामं मिळाली ती कोणालाही मिळाली असती.

२०१२ ची गोष्ट. पेणजवळ हमरापूरला माझ्या भागीदाराच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. शाडूच्या मूर्ती ऑनलाइन बुक करायच्या आणि चतुर्थीच्या आधी टेम्पोने ठाणे, डोंबिवली, पुण्याला घरपोच द्यायच्या, असा आमचा धंदा. त्या वर्षी अधिक भाद्रपद होता, त्यामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. आदल्या वर्षी ती १ सप्टेंबरलाच होती. अठरा दिवस जास्तीचे मिळाले म्हणून आम्ही खूश होतो.

साइट मी एकट्याने बांधली, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून. गिऱ्हाइकाला आपलं नाव, पत्ता, निरोप मराठीत लिहिता आला पाहिजे हा माझा हट्ट होता. मायएसक्यूएल तेव्हा आपण वेगळं सांगितलं नाही तर लॅटिन-१, म्हणजे मराठी न मावणारा इंग्रजी-युरोपीय अक्षरांचा संच, धरून चालायचं. प्रत्येक टेबल यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिपी मावणाऱ्या पद्धतीचं, केलं, कनेक्शनलाही ते सांगितलं, शेकडो वेळा तपासलं. पैशांच्या पानावर त्याहून जास्त वेळ गेला. ऑनलाइन कार्ड वापरताना दुसरा पासवर्ड २००९ पासून रिझर्व्ह बँकेने सक्तीचा केला होता आणि माणसं बँकेच्या त्या पानावर अडकून परत जायची. ते सगळं मी मार्गी लावलं. स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक गोष्ट चोख होती, हे मी आजही ठामपणे सांगेन.

कारखान्यात मात्र सगळा कारभार चिठ्ठीवर चालतो. मूर्ती ठरली की वहीचा कागद फाडायचा, त्यावर नाव आणि गाव लिहायचं आणि मूर्तीच्या पाठीमागे चिकटवायचं. चिठ्ठी असलेली मूर्ती गेली, नसलेली मोकळी. रंगवणारे, डोळे आखणारा, टेम्पो भरणारे, सगळे तेवढंच बघतात. एका फळीवर एकाच साच्यातल्या पन्नास-साठ मूर्ती ओळीने बसलेल्या असतात. पावसाळ्यात शाडू लवकर सुकत नाही म्हणून त्या दिवसभर इकडून तिकडे हलवल्या जातात. अशा ठिकाणी ती बोटभर चिठ्ठी हाच खरा डेटाबेस. माझ्या सर्व्हरवर काय लिहिलंय याला तिथे काडीचीही किंमत नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

मी रोज संध्याकाळी ऑर्डरींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी यादी) भागीदाराला मेल करायचो. तो ती एक्सेलमध्ये उघडायचा आणि बघून चिठ्ठ्या लिहायचा. इंग्रजीत लिहिलेली नावं नीट यायची. मराठीत लिहिलेल्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि शेजारी चार टोकं फुटलेलं वाटोळं चिन्ह, अशी रांगच्या रांग. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण मी घातली नव्हती. ती नसली की एक्सेलला ही फाइल यूटीएफ-८ आहे हे कळत नाही. एवढंच कारण. भागीदाराने त्या ओळी बाजूला ठेवल्या, नंतर मला विचारून लिहू म्हणून. नंतर म्हणजे चार दिवसांनी. मधल्या काळात नेहमीचा व्यापारी आला, चिठ्ठी नसलेल्या मूर्ती त्याला मोकळ्या दिसल्या, त्याने पैसे मोजले आणि गाडी भरून नेली. काकांचं यात काहीही चुकलं नाही.

एकोणीस मूर्ती गेल्या. डोळे आखणारा कारागीर एकच, त्याच्यापुढे आधीच ढीग, त्यामुळे नवीन करून देणं शक्य नव्हतं. आजूबाजूच्या कारखान्यांतून आठ मिळाल्या. उरलेल्या अकरा घरी मी स्वतः फोन केले. ज्यांनी आवर्जून मराठीत नाव लिहिलं त्यांच्याच घरी गणपती पोचला नाही, हे मला अजून टोचतं. डोंबिवलीच्या एका काकूंनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "मग आता आम्ही कुठून आणू?" तेव्हा चतुर्थीला दोन दिवस होते.

सगळ्यांचे पैसे परत केले, पुढच्या वर्षी दुकान उघडलं नाही. भागीदार म्हणाला, हे कुठे लिहू नकोस, दोघांचं नाव खराब होईल. मी माझ्या फ्रीलान्स कामाच्या साइटवरून त्या धंद्याचं पान काढलं आणि त्या जागी गिऱ्हाइकांचे लोगो लावले: एक बिल्डर, दोन दवाखाने, एक पतसंस्था. लोगो बघून येणारा माणूस पहिल्या फोनला दर विचारतो आणि दुसऱ्या फोनला दर पाडतो, कारण तसेच लोगो शेजारच्या पोराकडेही असतात.

२०१६ साली देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांचा फोन आला. त्यांना पेट्या थेट घरपोच विकायच्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः कधी काही विकलंय का?" मी सगळं सांगितलं, एकोणीस मूर्तींसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या आमच्याकडे, दोन दिवस राहा." मी गेलो, पॅकिंगच्या शेडमध्ये बसून राहिलो. पेटीवर मार्करने डझन कोण लिहितो, तो आकडा वहीत कधी जातो, पेटी गाडीत चढल्यावर बदलायची झाली तर कोणाला सांगतात, एवढंच टिपत होतो. साइटचा एक शब्दही लिहिला नव्हता. नंतर जे केलं त्यात स्टॉकचा आकडा शेडमधला माणूसच फोनवरून बदलू शकत होता. ते काम पुढे सहा हंगाम चाललं. त्याच महिन्यात मी गणपतीचं पान परत वर लावलं.

भागीदाराशी यावरून अजून वाद होतो. त्याच्या मते माझ्या फाइलने घोळ केला. माझ्या मते चार दिवस त्या ओळी तशाच होत्या, एक फोन करायचा होता. पण खरं सांगायचं तर मी त्या अख्ख्या मोसमात एकदाही कारखान्यात बसून चिठ्ठी कशी लिहिली जाते ते बघितलं नव्हतं, आणि बघायचं काम माझंच होतं. पानावर मी हे असंच लिहिलंय. त्याचं नाव, काकांचं नाव काहीही नाही. धंदा काय होता, माझ्याकडे काय होतं, कुठे तुटलं, किती जणांचं नुकसान झालं आणि आम्ही काय भरून दिलं, एवढंच आहे. यात नाव खराब होण्यासारखं काय आहे ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

किती कामं लावावीत? पाच-सहा पुरेत. ज्यावर पानभर लिहिता येत नाही ते लावूच नका.

परवानगीचं मात्र सांभाळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा होतो. फ्रीलान्सरने लिहिलेला सहसा त्याचाच राहतो आणि कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी सहीचा कागद लागतो. पण कोड तुमचा आहे म्हणून गिऱ्हाइकाचे विक्रीचे आकडे तुमचे होत नाहीत. करारात गोपनीयतेची अट असेल तर ती आधी वाचा, आणि अट नसली तरी एक मेल टाकून विचारा. मला आजवर नाही म्हणणारे दोघेच भेटले.

जुन्या लिंक स्वतः उघडून बघा. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने डोमेनचं नूतनीकरण केलं नाही, ते दुसऱ्याने घेतलं आणि माझ्या पानावरून माणसं थेट जुगाराच्या साइटवर जात होती. मला कळलं तेव्हा बरेच महिने उलटले होते. फ्लॅशमध्ये (ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवायचं ॲडोबचं जुनं तंत्र) केलेली कामं तर ३१ डिसेंबर २०२० नंतर संपलीच. स्क्रीनशॉट नसतील तर वेबॅक मशीन या जुन्या साइटच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर शोधा, पुष्कळदा पहिलं पान तरी सापडतं.

अजून एक, कोणी विचारलं नसलं तरी. स्टार्टअपसाठी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची नोंदणीकृत भागीदारी) काढली असेल तर धंदा थांबला म्हणून ती थांबत नाही. आम्ही ती तशीच ठेवली आणि फॉर्म ८, फॉर्म ११ हे दरवर्षी सरकारकडे भरायचे हिशोबाचे आणि माहितीचे फॉर्म भरले नाहीत. तेव्हा प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क चढत होतं आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. आधी ती रीतसर बंद करा, कोणाचे पैसे द्यायचे राहिले असतील तर ते द्या, आणि मगच पान लिहायला बसा. देणं बाकी असताना लिहिलेलं पान मी स्वतःही वाचणार नाही. मोठ्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज करत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे काय बघतात याचा मला अनुभव नाही.

तुमच्या डब्यांच्या ॲपबद्दल लिहाल तेव्हा एक गोष्ट नक्की घाला: उद्याच्या डब्यांचा आकडा मेसमध्ये किती वाजता ठरायचा, तो कोण ठरवायचं, आणि तुमच्या ॲपमध्ये त्यानंतर किती वेळाने पोचायचा. हे आत्ता सांगता येत नसेल तर मेसवाल्या मावशींना फोन करून विचारा. त्यांना आठवत असेल.