परमिट, पेग आणि साखर

बडोदे

चि.,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. रावपुऱ्यात खोली घेऊन आहारसल्ला द्यायला लागून तुला दोनच महिने झाले आणि इतक्यात तो प्रश्न येऊन उभा राहिला, हे वाचून मला हसू आले. पन्नाशीतला, साखर काठावर आलेला गृहस्थ आहाराचा कागद घडी घालून खिशात ठेवतो, दारापर्यंत जातो आणि तिथून मागे वळून हळूच विचारतो, "आणि ताई, थोडी घेतली तर शुगरला चांगलीच ना? पेपरात आलं होतं." तू "वाचून सांगते" म्हणालीस, ते बरे केलेस. मी तुझ्या वयाची असताना असल्या प्रश्नाला फटकन उत्तर देत असे.

पेपरात आले होते ते खोटे नव्हते, हे आधी मान्य करायला हवे. डेन्मार्कमध्ये सुमारे ७०,००० लोकांची जवळपास पाच वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एका दिवसाहूनही कमी वेळा मद्य घेणाऱ्यांच्या तुलनेत तीन-चार दिवस घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका पुरुषांत २७ टक्के आणि स्त्रियांत ३२ टक्के कमी आढळला. बातमी एवढ्यावर थांबली. तुला मात्र थांबता येणार नाही. त्याआधी २०१५ मध्ये ३८ पाहण्या एकत्र करून १९ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण झाले होते. त्यातही दिवसाला १० ते १४ ग्रॅम अल्कोहोलच्या आसपास धोका सर्वांत कमी, साधारण १८ टक्क्यांनी उणा, दिसला. पण स्त्री-पुरुष आणि प्रदेश वेगळे काढून पाहिल्यावर ती घट केवळ स्त्रियांमध्ये आणि आशियाबाहेरच्या लोकांमध्ये उरली. तुझ्यापुढे बसलेला गृहस्थ पुरुष आहे आणि आशियातला आहे. ज्यांना फायदा दिसला त्या दोन्ही रांगांत तो उभाच नाही.

शिवाय या साऱ्या निरीक्षणाच्या पाहण्या आहेत, म्हणजे कोणी किती घेतली हे लोकांनी स्वतः सांगितले आणि संशोधकांनी पुढे काय होते ते पाहिले. मोजून पिणारा माणूस बहुधा जेवतोही मोजून, चालायला जातो, वेळेवर तपासण्या करतो. त्यातले श्रेय कशाला किती द्यायचे हे ठरवणे अवघड असते. उलट "न पिणारे" या रकान्यात काही वेळा असेही लोक येऊन बसतात, ज्यांनी दुखण्यामुळे किंवा डॉक्टरांच्या धाकाने पिणे सोडलेले असते, आणि मग न पिणारेच जास्त आजारी दिसू लागतात. थोड्या मद्याने ॲडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींतून येणारे संप्रेरक वाढून इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि ते अगदीच निराधार नाही. पण प्रमाण वाढले की यकृतात चरबी साठणे, पोट सुटणे आणि स्वादुपिंडाला सूज येणे हे सगळे साखरेच्या विरुद्ध बाजूने काम करू लागते.

आता आपल्या गावाची खास अडचण. मूळच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आलेली बंदी गुजरातेत आजही आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला प्रकृतीच्या कारणास्तव दारू घेण्याचे हेल्थ परमिट मिळू शकते. या "हेल्थ" शब्दाने फार घोटाळा केला आहे. सरकारने शिक्का मारून दिली म्हणजे औषधच असणार, अशी कित्येकांची मनापासून समजूत असते. त्या परमिटाचा मधुमेहाच्या उपचाराशी काही संबंध नाही, हे तू शांतपणे सांग. परमिट कसे मिळाले याची चौकशी करू नकोस, ते तुझे काम नाही.

दुसरी अडचण मापाची. माझ्याकडे येणारे दांडिया बाजारचे एक काका "रोज दोनच पेग, तेही दोन बोटे" असे सांगत. एकदा मी त्यांना घरचा पेला घेऊन यायला सांगितले. रुंद बुडाचा, जाड काचेचा पेला होता. त्यांनी स्वतः बोटे लावून दाखवली तिथवर मी पाणी भरले आणि मापाच्या नळीत ओतले, तर ते ९५ मिलि भरले. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ६० मिलिच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम आणि काकांच्या दोन बोटांत ३२. दोन पेल्यांचे ६४ ग्रॅम झाले. २००९ च्या एका एकत्रित विश्लेषणात पुरुषांमध्ये दिवसाला ६० ग्रॅमच्या जरा पुढे गेल्यावर धोका उलटा वाढताना दिसला होता, आणि काका मात्र स्वतःला माफक पिणाऱ्यांत धरत होते. अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी, म्हणजे ४५० च्या आसपास नुसत्या पेल्यात, वर खारी शिंग आणि लीलो चेवडो वेगळा. नळीकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "बोटं जाड आहेत माझी."

आता माझी एक चूक सांगते, कारण तीच तुझ्याही हातून होण्याची शक्यता जास्त आहे. बंदीच्या राज्यात, तेही मराठी घरातल्या सभ्य माणसाला, "तुम्ही घेता का?" असे विचारणे मला अपमान केल्यासारखे वाटे, म्हणून बरीच वर्षे मी तो प्रश्नच गाळत आले. माझे एक पेशंट ग्लिमेपिराइडच्या, म्हणजे शरीराला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या मधुमेहाच्या गोळीवर होते. ते मित्रांबरोबर दमणला गेले, संध्याकाळपासून प्यायले, जेवणाला टाळाटाळ केली आणि नियमाचे पक्के असल्यामुळे गोळी मात्र न चुकता घेतली. पहाटे ते घामाने भिजून असंबद्ध बोलू लागले, आणि चढली आहे असे समजून मित्रांनी त्यांच्या अंगावर चादर घातली. त्यांच्यातल्या एकाकडे स्वतःचे ग्लुकोमीटर होते, त्याला शंका आली म्हणून बोट टोचले. आकडा ४१ आला, म्हणजे साखर धोक्याइतकी खाली गेली होती. साखरपाण्यावर निभावले. उपाशीपोटी यकृत रक्तात साखर सोडून तोल सांभाळते. मद्य यकृताची नवी साखर बनवण्याची ती वाट अडवते आणि गोळी तिकडे इन्सुलिन काढतच राहते. या गृहस्थांना मी भाकरी किती आणि भात किती हे ग्रॅममध्ये लिहून दिले होते, पण हे एक विचारले नव्हते.

म्हणून चहात साखर किती चमचे असे विचारतेस त्याच सुरात, त्याच ओळीत, हेही विचारत जा: घेता का, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या पेल्यात, कशाबरोबर. सोबत कोला घेत असतील तर ३०० मिलित ३० ग्रॅमहून जास्त साखर असते, तीही मांड. जो घेत नाही त्याला साखरेसाठी सुरू करायला कधीही सांगू नकोस. मद्य १९८८ पासून कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत आहे आणि पूर्ण सुरक्षित असे प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटले आहे. जो घेतो आणि सोडणार नाही, त्याला उपाशीपोटी नको, जेवणाऐवजी नको, झोपण्यापूर्वी साखर तपासा आणि सोबतच्या माणसाला गोळीचे नाव सांगून ठेवा, एवढे तरी लिहून दे. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा मेटफॉर्मिन चालू असेल आणि पिणे जास्त असेल, तर डॉक्टरांना चिठ्ठी लिही; गोळीत तू हात घालू नकोस.

तुझ्या त्या गृहस्थांना पुढच्या खेपेला पेला घेऊन यायला सांग. मापाची नळी माझ्या कपाटात आहे, रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. ६० ची रेघ पुसट झाली आहे, ती तेवढी गडद करून घे.

तुझ्या,
बाई