दहा महिन्यांचं बाळ ‘नाही’ म्हटलं की हसतं, त्याला शिस्त कशी लावायची?

तुमचं बाळ दहा महिन्यांचं आहे, चावतं, केस ओढतं, प्लगकडे धावतं, ‘नाही’ म्हटलं की खुदकन हसतं. आणि सासूबाई म्हणतायत, आत्ताच धाक लावा, नाहीतर डोक्यावर बसेल. अगदी हाच संवाद चार वर्षांपूर्वी आमच्या घरात रोज चालायचा, म्हणून लिहितेय.

आधी त्या हसण्याचं. ते तुम्हाला जुमानत नाही असं नाही हो. प्लगकडे गेलं की आई हातातलं काम टाकून पळत येते, हा त्याच्यासाठी झकास खेळ आहे. ‘नाही’ ऐकून क्षणभर थांबणं हे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या बाळांच्या वाढीच्या यादीतही वर्षाच्या बाळाचं लक्षण म्हणून दिलंय, आणि तेही नुसतं थांबणं. उद्या लक्षात ठेवून प्लगपासून लांब राहणं ही फार पुढची गोष्ट.

म्हणून आम्ही घरच बदललं. प्लगांना झाकणं लावली, विळी ओट्याखालून काढून वर टांगली, खालच्या कप्प्यात प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या ठेवून तो कप्पा लेकाला देऊन टाकला. (आवाजाची सवय होते. खरंच.) दिवसाला पन्नासदा निघणारं ‘नाही’ तीन गोष्टींपुरतं उरलं: गॅस, वीज, आणि कुणाला मारणं-चावणं. त्या तिन्हींना मात्र घरातल्या सगळ्यांचं ‘नाही’. आईने रागवायचं आणि बाबांनी हसून कडेवर घ्यायचं, असं झालं की त्या बिचाऱ्याला काय कळणार?

‘चटका’ हा शब्द मी असा शिकवला: वाटीत कोमट वरण घ्यायचं, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, मग त्याचं बोट वाटीला बाहेरून टेकवून म्हणायचं, ‘चटका!’ आठवड्याभरात चहाचा कप दिसला की तो लांबूनच ‘च... च...’ करायला लागला. कप मात्र मी तरीही त्याच्या हाताला लागेल असा कधी ठेवला नाही.

केस ओढले तर बोटं सोडवायची, तोच हात गालावरून फिरवायचा, ‘हळूऽऽ’. आम्हाला महिना लागला. दूध पिताना चावला की मी आधी किंचाळायचे. एकदा तो इतका दचकला की संध्याकाळभर अंगावर पिईना. मग शांतपणे तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवायचे, ‘चावायचं नाही’ म्हणून अर्धा मिनिट खाली ठेवायचे. दात येत असतील तर थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं चावायला द्या.

धपाटा नको, हळूसुद्धा. आणि कितीही डोकं फिरलं तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, त्याने मेंदूला इजा होते. मला एकदा रात्री अडीचला तसा राग आला होता. त्याला पाळण्यात ठेवलं आणि दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहिले. तो रडला, पण सुखरूप होता.

बागुलबुवा आणि ‘पोलीस नेईल’ हेही आमच्याकडे बंद केलं. पडल्यावर जमिनीला ‘हात रे!’ करून मारणं मात्र सासूबाईंनी सोडलं नाही. मीही मग नाद सोडला, सगळ्याच गोष्टींवर भांडून चालत नाही.

पण समईचा प्रश्न त्यांनीच सोडवला. लेक रांगत देव्हाऱ्याशी जायचा, हात थेट ज्योतीकडे. मी म्हणत होते देव्हारा वर हलवू, त्या तयार नव्हत्या. एका संध्याकाळी त्यांनी समई तेवढी उंच फळीवर ठेवली, त्याला मांडीवर घेतलं आणि आरतीची घंटा त्याच्या हातात दिली. तेव्हापासून सातच्या सुमाराला तो देव्हाऱ्यासमोर जाऊन बसायचा, आणि समईकडे न बघता घंटेसाठी हात पुढे करायचा.